व्यसनमुक्ती केंद्र निवडताना: पहिल्या फोनपासून पहिल्या फॉलोअपपर्यंत

व्यसनमुक्ती केंद्र शोधायची वेळ येते तेव्हा घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. रात्री तमाशा झालेला असतो, धाकटा भाऊ मोबाइलवर ‘जवळचं केंद्र’ शोधत बसलेला असतो, आणि पहिला जो नंबर लागेल तिथली गाडी सकाळी दारात येऊन उभी राहते. पुढे माणूस नेमका कुठे आहे, त्याला कोण तपासतंय, कुठल्या गोळ्या चालू आहेत, याचा घरच्यांना पत्ता नसतो. ‘आत आहे ना, मग पीत तरी नाही’ एवढ्यावर सगळे सुस्कारा सोडतात. थकलेल्या घराला दोष देण्यात अर्थ नाही. पण हे काम एका रात्रीत उरकण्यासारखं नाही. जमलं तर गोष्टी हाताबाहेर जाण्याआधीच, माणूस जरा बरा असताना, ते करून ठेवावं.

महाराष्ट्रात केंद्रं भरपूर आहेत. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. मुंबईत त्याआधी, १९८१ पासून, फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन काम करत होतं. अशा संस्थांमुळे व्यसन हा आजार आहे ही गोष्ट आपल्याकडे बऱ्यापैकी रुजली. पण त्याच पुण्याईवर भाड्याच्या बंगल्यात वीस-पंचवीस गाद्या टाकून, डॉक्टर न ठेवता ‘फाउंडेशन’ काढणारेही झाले. बाहेरून बोर्ड सारखेच दिसतात. फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे: केंद्र बाहेरच्या माणसाला आत किती डोकावू देतं? खाली सांगितलेलं बहुतेक सगळं त्या एका प्रश्नातूनच आलेलं आहे.

१. राहून उपचार हवेत का, ते आधी डॉक्टरला विचारा

प्रत्येक पिणाऱ्याला भरती करावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, मेडिकल कॉलेजची ओपीडी किंवा गावातले मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे येऊन-जाऊन औषधं घेत, घरी राहून सुटलेले पुष्कळ आहेत. भरती लागते ती साधारण अशांना: उठल्या उठल्या प्यावी लागते, आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते, लिव्हरचं किंवा हृदयाचं दुखणं सोबत आहे, जीव द्यायच्या गोष्टी चालू आहेत, घरात बघायला कुणी नाही, किंवा बाहेरून उपचार घेऊनही पुन्हा पुन्हा सुरू झालं आहे. हा निर्णय तपासून करायचा असतो. केंद्राच्या फोनवर बसलेल्या पोराने तो करायचा नसतो.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम तोडू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. अंगावर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. असं काही दिसलं की केंद्र शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. झोपेच्या गोळ्यांची सवय असणाऱ्यांनाही त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, घेणाऱ्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचे हाल, बघवत नाहीत, पण ती टर्की सहसा जीव घेत नाही. त्याचा खरा धोका सुटून आल्यावरचा आहे, त्यावर शेवटी बोलू.

‘जेवणातून न कळत द्या, दारू सुटेल’ अशा जाहिरातींच्या पुड्यांपासूनही लांब राहा. डायसल्फिरम नावाचं खरंखुरं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतं. म्हणून डॉक्टर ते तपासण्या करून, समजावून, पेशंटच्या संमतीने देतात. ज्याला ठाऊकच नाही त्याच्या भाजीत असलं काही कालवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

२. नावं कुठून काढायची

सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत. सरकारी अनुदानावर चालणारं केंद्र जवळपास कुठे आहे, हे आधी तिथे विचारा. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असेल तर तिथल्या सोशल वर्करला गाठा. त्यांच्याकडे वेगवेगळ्या केंद्रांतून बिघडून आलेले पेशंट येत असतात, त्यामुळे कोण कसं आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. तोंडाने कुणाची निंदा करणार नाहीत, पण ‘तुमच्या भावाला तुम्ही कुठे पाठवाल?’ असं विचारलं की नाव सांगतात.

माझ्या मते सगळ्यात खरी माहिती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए.ए., म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना) ओपन, म्हणजे कुणालाही बसता येईल अशा, मीटिंगमध्ये मिळते. फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत. मीटिंगनंतर चहाला थांबा. चार ठिकाणी राहून आलेली माणसं तिथे असतात आणि कुठे वरण पातळ होतं, कुठे पट्टा चालायचा, हे ती न विचारता सांगतात. नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग वेगळ्या असतात.

इंटरनेटवर वर दिसणारी नावं बहुतेकदा पैसे देऊन वर आलेली असतात. काही नंबर तर केंद्राचे नसतातच, पेशंटमागे कमिशन घेणाऱ्या दलालाचे असतात. हा धंदा चालतो कारण गरज प्रचंड आणि सोय अपुरी. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं, आणि भरती होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. एवढी मोठी रांग असली की दाराशी कुणीही तिकीट विकायला बसतो.

३. फोनवरचे प्रश्न

‘डॉक्टर आहेत का?’ असं विचारलंत तर उत्तर एकच येणार: ‘आहेत ना!’ म्हणून उत्तरात नाव, वेळ किंवा वार यावाच लागेल असे प्रश्न विचारा. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काय, ते कुठल्या वारी येतात, भरतीच्या दिवशी पेशंटला कोण तपासेल, रात्री दोन वाजता फिट आली तर तिथे कोण असेल आणि कुठल्या हॉस्पिटलात नेतील? चांगल्या ठिकाणी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब येतं, कारण ती वेळ त्यांच्यावर येऊन गेलेली असते. ‘आपल्याकडे तसं काही होत नाही, काका’ असं ऐकू आलं तर तो फोन तिथेच संपवा.

हमखास ऐकू येणारी दोन वाक्यं आहेत. पहिलं, ‘शंभर टक्के गॅरंटी’ किंवा ‘पंच्याण्णव टक्के रिझल्ट’. विचारा, हे किती महिन्यांनी मोजलं? ज्यांचा फोनच लागला नाही त्यांना कुठल्या रकान्यात धरलं? मध्येच निघून गेलेले मोजले का? आत असताना कुणीच पीत नाही, तेव्हा आतले आकडे काही सांगत नाहीत. व्यसन पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे आणि प्रामाणिक माणूस गॅरंटी या शब्दाला बिचकतो.

दुसरं वाक्य: ‘पेशंट तयार नसला तरी चालेल, आमची मुलं येऊन उचलून नेतील.’ चार दांडगे लोक येऊन माणसाला गाडीत कोंबतात, शेजारीपाजारी बघत राहतात, आणि घरच्यांना हायसं वाटतं. ही सेवा म्हणून विकली जाते, तिचे वेगळे पैसे घेतात. कायद्याने असं करता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या माणसाच्या मनात उपचार आणि अपहरण हे एकच होऊन बसतं.

४. कागद काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरल्या आहेत. म्हणून अशा पेशंटना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ट्रस्टची किंवा सोसायटीची नोंदणी वेगळी. ती कुठल्याही मंडळाची असते. ‘आमचं रजिस्ट्रेशन आहे’ म्हटल्यावर कशाचं, ते विचारा, प्रमाणपत्र बघा आणि तारीख संपलेली नाही ना ते वाचा. या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या पुनरावलोकन मंडळाचा, म्हणजे पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा, पत्ता-फोन केंद्रात दिसेल असा लावावा लागतो. तो भिंतीवर सापडला तर बाकी गोष्टीही थोड्याफार जागेवर असण्याची शक्यता वाढते.

अमली पदार्थांच्या बाबतीत कागद आणखी एका कारणासाठी जपायचे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा अंगावर असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४ए खाली त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. अट अशी की उपचार पूर्ण करायला हवेत.

५. जाऊन बघा, आणि न सांगता जा

शक्यतो दोघांनी जा, सकाळी अकराच्या सुमारास. ऑफिसात बसवून चहा पाजतील, फोटोंचा अल्बम दाखवतील. चहा घ्या आणि ‘वॉर्ड बघू या’ म्हणा. पेशंटच्या खासगीपणाचं कारण देऊन थोडं थांबवलं तर ते रास्त आहे. चांगली केंद्रंही ग्रुप, म्हणजे पेशंटना एकत्र बसवून घेतलेलं समुपदेशन, चालू असताना आत सोडत नाहीत. पण कुठल्याच वेळी, कुठल्याच खोलीत जायचं नाही म्हणाले तर परत फिरा.

आधी औषधांचं कपाट बघायला मागा. प्रत्येकाच्या नावाचा डबा हवा, त्यावर डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे लिहिलेले डोस हवेत, आणि शेजारी वही: तारीख, वेळ, गोळी, देणाऱ्याची सही. काल रात्रीचं पान उघडायला सांगा. तीस पेशंटांपुढे एकाच पेनने, एकाच दमात झरझर केलेल्या सह्या असतील, आणि परवाच्या पानावरही तशाच असतील, तर ती वही तपासणीसाठी भरलेली आहे. एकाच बरणीतून सगळ्यांना सारख्याच गोळ्या निघत असतील तर काही विचारायचीही गरज नाही. वॉर्डवर नजर टाका. दिवसाढवळ्या निम्मी माणसं पेंगत असतील तर तिथे गोळी देऊन गप्प ठेवलं जातंय. भरतीनंतरचे पहिले काही दिवस पेशंट सुस्त असतो ते समजण्यासारखं आहे, पण सगळेच कसे एकाच वेळी पहिल्या आठवड्यात असतील?

नर्सला एक प्रश्न विचारा: बी-वन कधी देता? दारूड्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे हे बी-वन जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्याने हे काम केलंय तो ‘सलाईनच्या आधी’ असं सहज सांगतो. तसंच, थरथर आणि फिट रोखायला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात. लिव्हर खराब असेल तर निवड बदलते. ‘आम्ही कुठलंच औषध देत नाही, योग आणि काढा’ असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणी रोजच्या पिणाऱ्याला ठेवू नका. योगाशी माझं काही वाकडं नाही; तो पाचव्या दिवसापासून करावा.

मग संडास-बाथरूम. आतून कडी लागते का, पाणी आहे का, किती जणांत किती. स्वयंपाकघरात काय शिजतंय ते झाकण उघडून बघा. गाद्या मोजा आणि पेशंट मोजा. खिडक्यांना गज आणि दाराला कुलूप असेल तर विचारा, रात्री किल्ली कोणाकडे असते आणि तो कुठे झोपतो? शॉर्टसर्किट झालं तर वरच्या मजल्यावरची माणसं कुठून उतरणार? या प्रश्नावर मी भल्या भल्या संचालकांना गप्प होताना पाहिलंय.

शेवटी एखाद्या पेशंटशी, कर्मचारी जवळ नसताना, दोन मिनिटं बोला. ‘इथे कसं आहे?’ विचारू नका, ‘छान आहे’ असंच म्हणतील. विचारा, ‘आज सकाळचा ग्रुप कोणी घेतला? तुमचे काउन्सेलर कोण? त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?’ आपल्या काउन्सेलरचं नाव ज्याला सांगता येत नाही त्याचं समुपदेशन चालू नाही, मग भिंतीवरच्या टाइमटेबलमध्ये काही का लिहिलेलं असेना.

६. काम कोण करतंय

बऱ्याच केंद्रांत व्यसनातून सुटलेली माणसंच कामाला असतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. नव्या पेशंटला डॉक्टरचं पटत नाही ते ‘मीपण स्टेशनवर झोपलोय’ म्हणणाऱ्याचं पटतं. पण तीन महिन्यांपूर्वी भरती झालेला पोरगा आज किल्ल्या सांभाळतोय, गोळ्या वाटतोय आणि चुकणाऱ्याला शिक्षाही करतोय, हा सुटलेल्यांचा सहभाग नव्हे, फुकटचं मनुष्यबळ आहे. तो स्वतः किती वर्षं कोरडा आहे, त्याने काही प्रशिक्षण घेतलंय का, त्याच्यावर देखरेख कोणाची, हे विचारा.

पेशंटला नैराश्य, संशयाचा आजार किंवा असं काही सोबत असेल तर दोन्हींवर एकत्र उपचार होणार का, ते मानसोपचारतज्ज्ञांकडूनच ऐका. स्त्री पेशंट असेल तर वेगळी राहण्याची जागा आणि रात्रपाळीला स्त्री कर्मचारी याशिवाय पुढे बोलूच नका. तीन वर्षांखालचं मूल असेल तर त्याला सहसा आईपासून वेगळं करू नये असं कायदाच सांगतो.

७. पैसे

महिन्याची रक्कम सांगतील. त्यात औषधं, तपासण्या, डॉक्टरची फी, बाहेरच्या हॉस्पिटलात नेण्याचा खर्च धरलाय का, हे लिहून मागा. ‘सहा महिन्यांचं आगाऊ भरा, सवलत देतो’ याला सरळ नाही म्हणा, कारण आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागू नयेत म्हणून पेशंटला थांबवून ठेवायचा मोह होतो. मुदतही विचारा. मुक्तांगणसारख्या जुन्या ठिकाणी साधारण पाच आठवड्यांचा कार्यक्रम असतो. कुणाला जास्त लागतात, पण मग का, ते तपासून सांगायला हवं. पावती घ्या. मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका. २०१७च्या कायद्याने मानसिक आजाराला विमा द्यायला सांगितलं असलं तरी बहुतेक पॉलिसींत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचा उपचार वगळलेला असतो. आपल्या पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग आधी वाचा.

८. भरतीचा दिवस

पेशंट स्वतः तयार असेल तर त्याने सही करून भरती व्हायचं. २०१७च्या कायद्यात याला स्वतंत्र भरती म्हणतात (कलम ८६). असा माणूस ‘मला जायचंय’ म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. काही विशिष्ट परिस्थितीतच, तपासणीसाठी, २४ तासांपर्यंत थांबवता येतं. त्यामुळे ‘सही केलीस, आता तीन महिने बाहेर नाही’ हे धादांत खोटं आहे. तुम्हाला हे ऐकून धडकी भरेल, की मग तो दुसऱ्याच दिवशी पळून येईल. येईलही. पण ज्या केंद्राला माणूस कुलपाशिवाय टिकवता येत नाही, ते कुलूप काढल्यावर काय करणार आहे?

तो तयार नसेल तर दुसरा मार्ग कलम ८९ चा आहे. तिथे नुसतं ‘फार पितो’ एवढं पुरत नाही. स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा धोका हवा, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था हवी. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी वेगवेगळं तपासायला हवं. मुदत ३० दिवसांपर्यंत, आणि भरतीची खबर केंद्राने पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत (स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत) द्यायची. हा अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाने, करायचा असतो. हा प्रतिनिधी कोण, ते लेखी ठरवून ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

सोबत न्यायचं: जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, साधे कपडे. काय पितो, किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, हे डॉक्टरला खरं सांगा. अब्रूपोटी ‘कधीतरी घेतो’ म्हणालात तर औषधाचा डोस त्या हिशेबाने ठरेल आणि रात्री त्याचं त्यालाच भोगावं लागेल.

९. तो आत असताना

पहिले काही दिवस फोन नको असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि वाजवी वेळेचे नियम केंद्राला करता येतात. पण नामनिर्देशित प्रतिनिधीची भेट किंवा फोन कुठल्याही सबबीवर अडवता येत नाही. म्हणून तो कागद करून ठेवायचा. भेटीला जाल तेव्हा कर्मचारी मांडीला मांडी लावून बसणार असेल तर ‘जरा आम्हाला एकटं सोडता का?’ असं म्हणा. पहिल्या आठवड्यात तो रडेल, घरी न्या म्हणेल, जेवणाला नावं ठेवेल, तुमच्या नावाने बोटं मोडेल. यातलं बरंचसं तलफ बोलत असते. ते ओळखायची युक्ती अशी की तक्रारीत तपशील किती आहे ते बघायचं. ‘इथे सगळे वाईट आहेत’ म्हणजे घरी यायचंय. ‘त्या कोपऱ्यातल्या खोलीत दोन दिवस ठेवलं होतं’ म्हणजे विचारपूस करायची वेळ आली.

कारण शिक्षा म्हणून कोंडणं, साखळीने बांधणं, जबरदस्तीने टक्कल करणं, गणवेश लादणं, हे सगळं कायद्याने बंद आहे. शारीरिक आवर घालायची वेळ खरोखर आलीच तर ती मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, अगदी लागेल तेवढाच वेळ, आणि २४ तासांत प्रतिनिधीला कळवून. कामाबद्दल मात्र तारतम्य ठेवा. आपलं ताट धुणं, पाळीने झाडू मारणं हा दिनक्रमाचा भाग असू शकतो आणि चांगला असतो. मालकाच्या घराचं बांधकाम करणं, शेतात राबणं हा नव्हे. जबरदस्तीने काम करून घेता येत नाही, आणि पेशंटने खुशीने केलं तरी मोबदला द्यावा लागतो.

अंगावर वळ दिसले, वजन झरकन उतरलं, बोलताना तो सारखा दाराकडे बघत असला, तर फोटो काढा, तारीख टाका आणि पुनरावलोकन मंडळाकडे लेखी तक्रार करा. जिवाला धोका वाटत असेल तर ११२. आणि त्याला तिथून हलवा. हलवताना मात्र थेट घरी आणू नका, डॉक्टरकडे न्या. उपचार अर्धवट असतात.

या काळात घरच्यांनाही काम आहे. चांगलं केंद्र तुम्हाला बोलावतं, नातेवाइकांच्या ग्रुपला बसवतं, आईला आणि बायकोला वेगवेगळं ऐकतं. जे केंद्र तुमच्याकडून फक्त फी मागतं, त्याने अर्धंच काम घेतलंय.

१०. सुट्टी आणि पुढचे महिने

सुट्टीच्या कागदात निदान, दिलेली औषधं, पुढे चालू ठेवायची औषधं आणि पहिल्या फॉलोअपची तारीख हवी. तोंडी ‘या महिनाभरात’ नको, तारीख हवी, आणि ती पंधरवड्याच्या आतली बरी. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधं लागू पडतात का, ते डॉक्टरला विचारा. जवळची ए.ए. मीटिंग कुठल्या वारी, हे घरी पोचण्याआधी माहीत असू द्या. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुन्या मित्राचा फोन यांचं काय करायचं, हे काउन्सेलरने त्याच्याकडून लिहून घेतलेलं असावं. त्या कागदाची एक प्रत तुम्ही मागून घ्या.

तरी स्लिप होते, म्हणजे माणूस पुन्हा एखाद्या वेळी घेतो. झाली तर केंद्र काय करतं, हे निवडतानाच विचारायला हवं होतं; न विचारलं असेल तर आता विचारा. ‘पुन्हा भरती करा, पुन्हा पूर्ण फी’ हे एकच उत्तर असेल तर दुसरा डॉक्टर बघा. एका स्लिपला बऱ्याचदा दोन-चार दिवसांची औषधं आणि रोजच्या मीटिंग पुरतात.

आता गर्दवाल्यांचं. गर्द, हेरॉइन किंवा अफूच्या जातीची इंजेक्शनं आणि वेदनाशामक गोळ्या यांपासून महिना-दीड महिना लांब राहिलेल्या शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते. पूर्वी रोज पचणारी तीच मात्रा आता श्वास थांबवू शकते. सुटून आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणून सर्वांत धोक्याचे. बुप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली चालू ठेवलं तर हा धोका कमी होतो, आणि ते सरकारी केंद्रांतही मिळतं. ‘तेही व्यसनच की’ म्हणून ते बंद करायला लावणाऱ्या केंद्राला किंवा मामा-काकांना मध्ये पडू देऊ नका. घरातल्या सगळ्यांना खुणा सांगून ठेवा. हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास फार मंद किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळसर. तेव्हा तोंडावर पाणी मारत, लिंबू चोखवत बसू नका. एका कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा. पुडी किंवा रिकामं पाकीट सापडलं तर तेही सोबत न्या.